साठीपुढच्यांच्या घरासाठी शिडी: कोणती घ्यावी, कोणती दुकानातच सोडावी

घरगुती शिडीच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा असतो तो वजनाचा: १५० किलो. गिऱ्हाईक तो वाचतं, आपलं वजन त्याच्या निम्म्याहून कमी आहे हे पाहून निश्चिंत होतं आणि शिडी उचलतं. पण हा आकडा सरळ खाली दाबणाऱ्या भाराचा आहे. घरात माणूस शिडीवरून पडतो तो पायरी मोडल्यामुळे क्वचितच. शिडी बाजूला कलंडते, पायांच्या खालच्या रबरी टोप्या फरशीवर सरकतात, नाहीतर उतरताना पायऱ्या संपल्या असं वाटून शेवटचं पाऊल हवेत पडतं. या तिन्ही गोष्टींबद्दल खोक्यावर चकार शब्द नसतो.

म्हणून इथे बाजारात सर्रास मिळणारे शिड्यांचे प्रकार एकाच प्रश्नावर तोलले आहेत. पासष्ट-सत्तरीतल्या माणसाला हिच्यावर चढून, दोन्ही हातांनी काम करून, पुन्हा सुखरूप उतरता येईल का? उत्तर आधीच सांगून टाकतो. तीन पायऱ्यांची, वरची पायरी फलाटासारखी रुंद असलेली आणि मांडीच्या वर येणारा कठडा असलेली घडीची शिडी घ्यावी. बाकीच्या बहुतेक शिड्या या वयात नकोत. आणि निम्म्या कामांना शिडीच नको, लांब दांडा पुरतो.

शिडी कलंडते कशी

६५ किलोचा माणूस ७ किलोच्या शिडीवर उभा आहे. शिडीच्या पायांची बाजू-बाजूची रुंदी ४८ सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत २४. त्याचा हात जमिनीपासून २.३ मीटरवर आहे आणि तो पडद्याच्या दांडीचा अडकलेला स्क्रू बाजूला ओढतो आहे. शिडी उलटायला किती जोर पुरेल? ७२ गुणिले २४ भागिले २३०, म्हणजे साडेसात किलो. आता हाच माणूस शिडी न हलवता १५ सेंटिमीटर बाजूला झुकला, तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य साडेतेरा सेंटिमीटर कडेकडे सरकतो आणि उलटण्यासाठी लागणारा जोर सव्वातीन किलोवर येतो. गंजलेल्या स्क्रूला हिसका देताना एवढा जोर सहज लागतो.

हेच गणित रुंद पायांच्या शिडीसाठी करून पाहा. रुंदी ४८ ऐवजी ५६ सेंटिमीटर केली, तर साडेसातचे पावणेनऊ किलो होतात. म्हणजे रुंद शिडीने सव्वा किलोचा दिलासा दिला आणि १५ सेंटिमीटर झुकण्याने सव्वाचार किलो हिरावून घेतले. रुंद शिडी घ्याच, पण उतरून ती वीतभर सरकवण्याचा कंटाळा कोणतीही शिडी भरून काढत नाही. नेहमीचा नियम असा: बेंबी दोन उभ्या दांड्यांच्या मध्ये राहिली पाहिजे. ती दांड्याच्या बाहेर गेली की थांबायचं आणि उतरायचं.

पुढे-मागे शिडीचा पसारा जास्त असतो, म्हणून ती त्या दिशेने जास्त घट्ट उभी राहते. भिंतीत छिद्र पाडायचं असेल किंवा काही ओढायचं-ढकलायचं असेल, तर पायऱ्यांची दिशा भिंतीकडे ठेवा, म्हणजे चढल्यावर तोंड भिंतीकडे येईल. जागा कमी म्हणून शिडी भिंतीला समांतर लावणं आणि कमरेतून वळून ड्रिल चालवणं ही फार सामान्य चूक आहे. असं केल्याने सगळा जोर शिडीच्या अरुंद बाजूवर पडतो.

फलाट आणि कठड्याची शिडी

हिच्यात पाहायच्या गोष्टी महत्त्वाच्या क्रमाने सांगतो.

पहिला मान कठड्याचा. फलाटावर उभं राहिल्यावर तो फलाटापासून निदान ६० सेंटिमीटर वर हवा. मांडीला किंवा कमरेला टेकणारा कठडा शरीराला हद्द सांगतो. नजर छताकडे असताना आपण कुठे उभे आहोत हे तिथूनच कळतं. पुष्कळ स्वस्त शिड्यांवर गुडघ्याच्या उंचीची कमान असते आणि जाहिरातीत तिलाही 'सेफ्टी रेल' म्हणतात. ती नसलेली परवडते. गुडघ्याला अडथळा आणि वरचं शरीर मोकळं, मग तोल गेला की माणूस तिच्यावरून पलीकडे उलटतो. कठडा ज्या प्लास्टिकच्या जोडात बसवलेला असतो तो दुकानातच हलवून पाहा. टोकाला बोटभर हेलकावा असेल तर दुसरी शिडी मागा. दोन्ही बाजूंना हातदांडे असलेल्या शिड्याही मिळतात. त्या अवजड असतात, जागा खातात, पण गुडघेदुखी असलेल्यांसाठी आमची पसंती त्यांनाच आहे, कारण खरा कस उतरताना लागतो.

दुसरी गोष्ट पायरीची. पाऊण पाऊल मावेल इतकी, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर खोल पायरी हवी. आठ-दहा सेंटिमीटरच्या पट्टीवर तळव्याचा फक्त मधला भाग टेकतो. पाच मिनिटांत पोटऱ्या थरथरू लागतात, आणि मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झाली असेल तर पाऊल पुढे सरकलेलं कळतही नाही. दोन पायऱ्यांमधलं अंतर २३ ते २५ सेंटिमीटर असावं. त्याहून जास्त असलेल्या शिडीवर चढताना हाताने अंग ओढून घ्यावं लागतं. पायरीवर रबराचा थर किंवा खोल खाचा हव्यात. नुसती ठिपक्यांची नक्षी असलेला गुळगुळीत पत्रा ओल्या पायाला काहीच अडवत नाही.

फलाट लागेल तेवढाच उंच घ्या. हिशोब सोपा आहे. कामाच्या जागेच्या उंचीतून स्वतःच्या उंचीची १.२ पट वजा करा. माणूस १६० सेंटिमीटर उंच आणि दिवा २६० सेंटिमीटरवर असेल, तर २६० वजा १९२, म्हणजे ६८. तीन पायऱ्यांच्या शिडीचा फलाट ७० सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे काम झालं. उत्तर ९५ च्या आत आलं तर चार पायऱ्या लागतील. त्याहून जास्त आलं तर ते काम या वयाच्या माणसाचं नाही, मग शिडी कितीही भक्कम असो. 'उद्या लागली तर' म्हणून सहा पायऱ्यांची शिडी घरात आणू नये. घरात असली की कोणीतरी तिच्या सहाव्या पायरीवर चढतंच.

शिडीचं स्वतःचं वजन हा कुणी न विचारणारा मुद्दा. रुंद पायऱ्यांची पोलादी शिडी साधारण ६ ते ८ किलोची भरते, ॲल्युमिनियमची ४ ते ५ किलोची. जड शिडी उभी राहिल्यावर बरी, पण ती माळ्याखालून काढताना, दारातून नेताना आणि काम चालू असताना चार वेळा सरकवताना कंबर बोलते. मग माणूस सरकवायचंच टाळतो आणि झुकू लागतो. एका हाताने कमरेच्या उंचीवर उचलून दहा पावलं नेता येईल तेवढीच जड शिडी घ्या. आमचा कौल ॲल्युमिनियमला, फक्त एका अटीवर: विजेच्या तारेजवळ ती न्यायची नाही. तिथे फायबरग्लासची शिडी हवी. दिवा बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटण भलत्याच तारेवर बसवलेलं असेल तर होल्डरमध्ये वीज राहते. मीटरजवळच्या पेटीतला एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, खाली पाडा.

आता खटका. शिडी उघडल्यावर फलाट आपोआप अडकून 'टक्' असा आवाज आला पाहिजे, आणि घडी घालताना खटका आपण खाली न वाकता, एका अंगठ्याने सुटला पाहिजे. संधिवाताच्या बोटांना न झेपणारा खटका असेल तर शिडी अर्धवट उघडी राहते आणि तशीच वापरली जाते. फलाट खाली पाडताना बिजागरीत बोट चिमटतं, म्हणून कडेला बोटभर फट ठेवलेली आहे का तेही पाहा.

दुकानात पायातल्या नेहमीच्या बुटांनी चढा आणि उतरा. उतरताना शिडीकडे तोंड, एक हात कठड्यावर. खाली न पाहता पायाला पुढची पायरी सापडते का? सापडत नसेल तर ती शिडी तुमच्या मापाची नाही. दुकानदार 'फक्त हातांनी दाबून बघा' म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

बाकीचे प्रकार

कठडा नसलेलं दोन पायऱ्यांचं स्टूल सगळ्यांत जास्त खपतं आणि त्याच्याविषयी सगळ्यांत कमी भीती वाटते. चढताना त्रास नाही. उतरताना मात्र धरायला काही नसतं, मागे पाय टाकावा लागतो आणि तोल गेला तर हात कपाटाच्या दाराला जातो, जे स्वतःच उघडणारं असतं. हाडं ठिसूळ झालेल्या व्यक्तीचा खुबा मोडायला ४५ सेंटिमीटरची उंची भरपूर आहे. स्टूल हवंच असेल तर उंच मूठ असलेलं घ्या.

अरुंद पट्ट्यांची इंग्रजी 'ए' आकाराची शिडी, जिला रंगारी घोडा म्हणतात, ती रंगाऱ्याची आहे. दिवसभर तिच्यावर राहणाऱ्याचे पाय तिला सरावलेले असतात. घरातल्या ज्येष्ठाला ती देऊ नये. दिलीच, तर वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही, आणि दोन्ही बाजू ताणून धरणाऱ्या पट्ट्या सरळ ताठ झाल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. घोडा मिटून भिंतीला टेकवून वापरणं तर सरळसरळ जिवाशी खेळ, कारण मिटलेल्या पायांच्या टोप्या त्या कोनात फरशीला पूर्ण टेकतच नाहीत.

नळीत नळी सरकून लहान होणारी दुर्बिणीसारखी शिडी गाडीच्या डिकीत मावते म्हणून लोकांना भुरळ घालते. प्रत्येक नळीला दोन खटके असतात आणि ते सगळे बसले आहेत याची खात्री दर वेळी डोळ्यांनी करावी लागते. नळ्यांत वाळू-धूळ गेली की एखादा खटका अर्धवट बसतो आणि वजन पडल्यावर सुटतो. मिटवताना नळ्या झपकन खाली येतात आणि मध्ये आलेली बोटं चेचतात. ती भिंतीला टेकवूनच वापरायची, म्हणजे चार मापं उंचीला एक माप पायाशी अंतर, हा सुमारे ७५ अंशांचा कोन साधायला हवा. कोन कमी पडला तर पाय मागे सरकतात, जास्त झाला तर शिडी पाठीवर येते. साठीपुढच्या कोणालाही आम्ही ही शिडी सुचवणार नाही.

कोन बदलून चार-पाच रूपं घेणारी बिजागऱ्यांची शिडी कागदावर हुशार आहे. वजन मात्र दहा किलोच्या पुढे जातं आणि प्रत्येक बिजागरीचा खटका वेगळा बसवावा लागतो. दोन धडधाकट माणसं असतील तर ठीक.

दांडा: शिडीचं काम जमिनीवरून

दिवा बदलायच्या दांड्याला टोकाशी एकतर रबरी चूषक असतो, नाहीतर स्प्रिंगची बोटं. फिरकीच्या होल्डरला दोन्ही चालतात. आत दाबून फिरवायच्या खिळ्यांच्या होल्डरशी मात्र दांड्याचं फारसं जमत नाही. दाब आणि पीळ एकदम द्यावा लागतो आणि चूषक निसटतो. तिथे स्प्रिंगची बोटं थोडी बरी. घरातले होल्डर इलेक्ट्रिशियनकडून एकदाच फिरकीचे करून घेतले, तर पुढची अनेक वर्षं शिडी दिव्यासाठी निघणार नाही. चूषक न चिकटण्याचं मुख्य कारण दिव्यावरची धूळ. दांड्याला ओलसर फडकं बांधून आधी दिवा पुसा, वाळू द्या, मग चूषक दाबा. दिव्याच्या बरोबर खाली उभे राहू नका, एक पाऊल बाजूला राहा आणि चष्मा लावा.

दिवा बदलायची पाळीच कमी आणायची असेल तर १५,००० तासांचा एलईडी घ्या. रोज पाच तास लावला तर हिशोबाने आठ वर्षं. बंद काचेच्या गोळ्यात तो लवकर जातो, कारण आतला इलेक्ट्रॉनिक भाग उष्णतेने मरतो. अशा ठिकाणी बंद आवरणासाठी योग्य असं लिहिलेलाच दिवा घ्यावा.

पंख्यासाठी इंग्रजी 'यू' आकाराचा, पातं दोन्ही बाजूंनी पुसणारा ब्रश दांड्यावर मिळतो. कोळ्यांची जाळी, वरच्या खिडकीची काच, पडद्याच्या कड्या या सगळ्यांना दांड्याची साधनं आहेत. दोन मीटरपेक्षा लांब दांडा मात्र लवचिक होतो आणि डोक्यावर धरून दहा मिनिटं काम केलं की खांदे भरून येतात. पूर्ण ताणूनही दीड-दोन मीटरच्या आत राहील असाच घ्या.

पंखा शिडीवरूनच पुसायचा असेल तर एक युक्ती: शिडी एकाच जागी ठेवा आणि पाती हाताने फिरवून आपल्याकडे आणा. पात्यामागे झुकत जायची गरजच नाही. अर्थात पंखा बंद करून, पूर्ण थांबल्यावर.

शिडीच्या बाजूने सगळं ठीक असलं तरी

मान मागे टाकून वर पाहिलं की तोल सांभाळणं कोणालाही अवघड जातं. उतारवयात आतल्या कानाचा तोलाचा त्रास असेल तर त्या एका हालचालीने गरगरतं. रक्तदाबाच्या, झोपेच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभं राहिल्यावर दाब एकदम उतरतो, आणि डोळ्यांपुढे येणारी अंधारी दुसऱ्या पायरीवर येते. नवी गोळी सुरू झाली असेल किंवा मात्रा बदलली असेल, तर पहिले काही दिवस शिडी नको. दूरचं-जवळचं एकत्र असलेल्या चष्म्यात खालचा भाग वाचण्यासाठी असतो, त्यातून पायरी धूसर आणि भलत्या अंतरावर दिसते. चढताना फक्त दूरचा चष्मा लावा. शेवटच्या पायरीच्या कडेला उठून दिसणाऱ्या रंगाची खरखरीत चिकटपट्टी लावली, तर पायऱ्या कुठे संपतात याचा घोळ बराच कमी होतो. शिडीवर सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. हात वर धरून थकतात, मग घाई होते.

'कोणीतरी शिडी धरा' या सल्ल्यावर आमचा फार भरवसा नाही. कलंडणारी शिडी आणि वरचा माणूस मिळून सत्तर किलोंचा जोर खालच्याला हातांनी अडवता येत नाही, आणि खालची व्यक्तीही पंच्याहत्तरीची असेल तर दोघंही जायबंदी होतात. खालच्या माणसाचा खरा उपयोग पक्कड आणि दिवा वर देण्यासाठी, म्हणजे वरच्याचा एक हात नेहमी मोकळा राहतो. चढता-उतरताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार कायम टेकलेले हवेत. हातात डबा असेल तर हे शक्यच नाही. घरी एकटे असाल तर काम पुढे ढकला. ढकलता येत नसेल तर फोन खिशात ठेवा, टेबलावर नको.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारा माणूस पडून डोकं आपटलं असेल, तर तो उठून बसला, बोलला, चहा मागितला तरी लगेच इस्पितळात न्यावं. कवटीच्या आत रक्त साचायला वेळ लागतो आणि तोवर सगळं नीट दिसतं.

शिडी म्हातारी कुठे होते

सगळ्यांत आधी पायांच्या टोप्यांत. रबर कडक होतं, तळाच्या खाचा झिजतात, मग एके दिवशी नळीची धारदार कड रबर फाडून फरशीला लागते. पहिल्या पायरीवर उभं राहून हलकेच डावी-उजवीकडे सरकवून पाहा. शिडी घसटली तर आधी टोप्या ओल्या फडक्याने पुसा, कारण धुळीचा थरही तितकाच निसरडा असतो. पुसूनही घसटली तर टोप्या बदला. चटई, वर्तमानपत्र किंवा रंगकामाचं प्लास्टिक यांवर शिडी ठेवायची नाही, आणि बाथरूममध्ये फरशी कोरडी केल्याशिवाय तर मुळीच नाही. एक पाय अधांतरी असेल तर खाली कागदाची घडी किंवा लाकडाचा तुकडा घालू नका, जागा बदला.

मग रिव्हेट, म्हणजे पायऱ्या आणि दांडे जोडणारे ठोकलेले खिळे. ॲल्युमिनियमच्या शिडीवर रिव्हेटभोवती काळपट भुकटी दिसली, तर तो जोड आतल्या आत हलतो आहे. पुसून काढा आणि महिन्याभराने पुन्हा पाहा. परत आली तर शिडी वापरातून काढा. पोलादी शिडीत गंज तळाच्या नळीत आतून चढतो, कारण ओल्या फरशीवरचं पाणी टोपीत साचतं. वर्षातून एकदा टोप्या काढून आत पाहावं. वाकलेला उभा दांडा हातोडीने सरळ करायच्या फंदात पडू नये, वाकलेल्या जागी धातू कायमचा कमजोर होतो. लाकडी शिडीला रंग देऊ नये, रंगाखाली भेग दिसत नाही. पारदर्शक वार्निश चालतं.

शिडी घेतानाच सुट्या टोप्या वेगळ्या मिळतात का हे विचारून ठेवा, आणि मिळत असतील तर चारही त्याच दिवशी घ्या. दोन वर्षांनी ते मॉडेल बंद झालेलं असतं आणि दुसऱ्या मापाची टोपी सैल बसते.